नकाशातले रंग कोणी भरायचे?

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की हल्ली प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो, रूपांतर! कोणाचे शेत गेले, कुठला डोंगर कापला, याच गोष्टी. जणू हा प्रश्न कालपरवाच उपटला आहे. पण कुठली जमीन कशासाठी वापरायची आणि ते कोणी ठरवायचे, हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. तो मागे जाऊन पाहिल्याशिवाय आजची भांडणे नीट समजत नाहीत, असे मला वाटते.

पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून इथे गावकारी होती. जमीन गावाची, सामाईक. गावकार एकत्र बसून शेते लिलावाने कसायला देत आणि त्या उत्पन्नातून गावचा खर्च भागवत. १५२६ साली आफोंस मेशिय याने या रूढी 'फोराल'मध्ये नोंदवून घेतल्या. पुढे गावकारीची 'कोमुनिदाद' झाली.

या पद्धतीमागे व्यवहार होता. आपली खाजन शेतीच पाहा ना. खाडीलगतची ही जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. भरती-ओहोटीप्रमाणे मानशीची दारे उघडायची, मिटायची. एका ठिकाणी बांध फुटला की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार! त्यामुळे 'माझी जमीन, मी काय हवे ते करीन' ही भाषा तिथे चालतच नव्हती. अर्थात गावकारी म्हणजे रामराज्य नव्हे. बायकांना, कुळांना, मुंडकारांना तिथे आवाज नव्हता, हेही विसरता कामा नये.

मुक्तीनंतर कूळकायदा आला, आणि १९७४ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायदा. आता निर्णय सरकारी नकाशावर होऊ लागला. १९८६ साली २००१ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला. सामान्य माणसाने मात्र हा नकाशा खऱ्या अर्थाने उघडून पाहिला तो २००६ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' जाहीर झाला आणि शेते, बागायती, डोंगरउतार यांवर वस्तीचा रंग चढलेला लोकांना दिसला. डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्या पुढाकाराखाली गोवा बचाव अभियान उभे राहिले. जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.

माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. 'आराखडा २०२१' करताना चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणकार कृती दलात होते, आणि नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठवले गेले. आपल्या गावातला ओहोळ कुठून वाहतो, तळी कुठे आहे, हे गावच्या लोकांनी सांगायचे. त्या आराखड्यातही दोष होते, त्यावर वादही खूप झाले. पण गावकारीनंतर प्रथमच गावाला विचारले गेले, आणि या वेळी फक्त गावकारांना नव्हे.

मग हळूहळू दारे मिटत गेली. २०१८ मध्ये कायद्यात १६-ब कलम आले, २०२३ मध्ये १७(२). हे दुसरे कलम आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका सुधारण्यासाठी म्हणे. एकेका भूखंडाच्या अर्जावर विभाग बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले. दरम्यान २०२४ मध्ये ३९-अ कलमही आले होते. त्यात हरकतींसाठी लोकांना तीस दिवस.

तीस दिवस! राजपत्रातला सर्व्हे नंबर वाचून आपल्याच शेजारचे शेत ओळखायला किती जणांना जमेल?

घरे हवीत, रस्ते हवेत, याबद्दल दुमत नाही. पण आराखडा म्हणजे साऱ्या गावाचा एकत्र विचार. तो एकेका अर्जाने बदलायचा तर आराखडा करायचाच कशाला? खाजनातल्या माणसाला विचारा, एका जागी बांध फोडून पाणी एकाच शेतात राहते का ते.