इंजिन कुठे ठेवायचे?

कवीने यंत्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला यंत्र परके नसते. आमच्या घरात तीन पिढ्या नालबंदकी होती. बैलांच्या पायांना नाल ठोकायचे, गाड्यांच्या धावा आणि आख यांची जुजबी दुरुस्ती करायची. मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो आणि त्या धंद्यातून बाहेर पडलो. तरी दोन शब्द माझ्या कानात कायमचे राहिले : उलाळ आणि धुरजड. गाडीत ऊस मागे जास्त भरला की जू वर उचलले जाते आणि बैलांचा गळा आवळतो. ती गाडी उलाळ. पुढे जास्त भरला की सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. ती धुरजड. माल तेवढाच, गाडी तीच आणि बैलही तेच. फरक फक्त कोणती वस्तू कुठे ठेवली याचा.

आज मला याच प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. जगातल्या मोठ्या खाणींतून शंभर, दोनशे, तीनशे टन माल वाहणारे अवाढव्य ट्रक चालतात. आपल्याकडे त्यांना डंपर म्हणतात. हे डंपर आता ‘हायब्रीड’ होऊ लागले आहेत. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द हायब्रीड ज्वारीमुळे ठाऊक आहे. इथे त्याचा अर्थ एका गाडीत दोन शक्ती, म्हणजे डिझेलचे इंजिन आणि विजेची बॅटरी. दोन शक्ती एका सांगाड्यावर बसवायच्या म्हटल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच : काय कुठे ठेवायचे?

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकात पंचगंगेच्या काठी ऑइल इंजिने आली. उसाला पाणी आणि गुऱ्हाळाला शक्ती त्यांनीच दिली. पण पंपाला पाणी ओढण्याची मर्यादा असते. पुस्तकी हिशेबाने ती दहा मीटरची असली तरी व्यवहारात सात मीटरच्या पुढे पंप दम टाकतो. इंजिन पाण्याजवळ ठेवावे तर पावसाळ्यात पंचगंगा ते पोटात घेणार. वर सुरक्षित ठेवावे तर उन्हाळ्यात पाणी चढणार नाही. आमच्या शेतकऱ्याने मध्यम जागा शोधल्या, चौथरे बांधले, पूर येण्याआधी इंजिने वर ओढून काढली. कागदावर नकाशा न काढता त्याने हा प्रश्न सोडवला होता.

ही इंजिने बिघडू लागली तेव्हा दुरुस्तीची दुकाने निघाली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग मिळेनात, तेव्हा ते इथेच ओतले जाऊ लागले. भाग जमले तसे पूर्ण इंजिनही जमले. म्हादबा मेस्त्री यांचे नाव या संदर्भात आजही आदराने घेतात. शिवाजी उद्यमनगर वाढले ते अशा माणसांच्या हातांनी. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि बिडाच्या ओतकामासाठी कोल्हापूर देशभर ओळखले जाऊ लागले. त्याही आधी बाबूराव पेंटर यांनी सहकाऱ्यांसह सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला होता, 1918 साली. बाहेरची वस्तू पाहायची, ती मनात सुटी करायची आणि आपल्या पद्धतीने पुन्हा जुळवायची, ही या गावाची जुनी खोड आहे. ‘मेस्त्री’ हा शब्ददेखील पोर्तुगिजांकडून आला, ‘कारखाना’ फारसीतून आला, ‘इंजिन’ इंग्रजीतून आले. तिन्ही आता मराठी झाले.

आता थोडे जगाकडे वळू. मिश्र शक्तीची गाडी ही एकविसाव्या शतकाची कल्पना आहे असे आपण समजतो. तसे नाही. 1900 च्या सुमारास व्हिएन्नातल्या लोनर या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात फर्डिनंड पोर्शे नावाचा तरुण अभियंता होता. त्याने चाकाच्या तुंब्यातच विजेची मोटर बसवली. पुढच्या गाडीत त्याने पेट्रोलचे इंजिन ठेवले, पण ते चाकाला जोडलेच नाही. इंजिनाने वीज तयार करायची आणि विजेने चाक फिरवायचे. मधला दांडा, दातेरी चक्रे सगळी गेली. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये फक्त तार राहिली. तार कशीही वळवता येते, दांडा वळवता येत नाही. त्यामुळे इंजिन कुठे ठेवायचे याचे स्वातंत्र्य प्रथमच मिळाले.

पण ती गाडी जड आणि महाग झाली. कल्पना मागे पडली आणि अर्ध्या शतकाने ती खाणीत पुन्हा उगवली. अमेरिकेत आर. जी. लटर्नो या माती उपसण्याच्या यंत्रांच्या कारागिराने 1950 च्या दशकात विजेचे चाक घडवले. त्याच दशकात राल्फ क्रेस याने खाणीच्या ट्रकचा आकारच बदलला. त्याने मालाचा हौदा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल केला, त्यामुळे मालाचा भार खाली आला. दोन आखांमधले अंतर कमी केले, त्यामुळे गाडी अरुंद जागेत वळू लागली. 1957 साली ‘हॉलपॅक’ या नावाने तो ट्रक बाजारात आला. आजचे बहुतेक डंपर त्याचेच वंशज आहेत. 1960 च्या दशकात युनिट रिग या कंपनीने डिझेल, जनित्र आणि चाकातल्या मोटरी यांचा मेळ घालून ‘लेक्ट्रा हॉल’ ट्रक बाजारात आणले. तिथून दोन पंथ झाले. एक दांड्याचा, दुसरा तारेचा. दांड्याचा पंथही संपला नाही. 1998 साली आलेला कॅटरपिलरचा 797 हा प्रचंड ट्रक दांड्याचाच होता.

या गाड्यांचा भार कसा वाटतात ते पाहण्यासारखे आहे. साध्या डंपरला सहा टायर असतात, दोन पुढे आणि चार मागे. भरलेल्या गाडीत प्रत्येक टायरवर सारखा भार यावा असा प्रयत्न असतो. म्हणजे पुढच्या आखावर एक तृतीयांश आणि मागच्यावर दोन तृतीयांश. रिकाम्या गाडीत मात्र तो जवळजवळ निम्मा-निम्मा असतो. गाडी भरली तरी उलाळ नको, रिकामी झाली तरी धुरजड नको. माझ्या वडिलांना हे इंग्रजीत सांगता आले नसते, पण त्यांनी मान डोलावली असती.

तारेच्या पंथातल्या डंपरमध्ये पुढे इंजिन असते, त्याला लागून जनित्र. वरच्या माचावर डावीकडे चालकाची केबिन आणि शेजारी विजेच्या नियंत्रणाची कपाटे. सांगाड्याच्या बगलेला, पुढच्या आणि मागच्या टायरच्या मध्ये, डिझेलची टाकी. मागच्या आखाच्या पेटीत मोटरी. आणि माचावर आणखी एक मोठी पेटी असते, तिच्यात तारांची जाळी. गाडी उतारावर आली की चाकातल्या मोटरी उलट काम करतात. त्या वीज तयार करतात आणि त्या ओढीने गाडी आवरली जाते. मग ती वीज जाते कुठे? त्या जाळीत जाते, जाळी लाल होते, पंखे लावून ती उष्णता हवेत सोडतात. उतारावर कमावलेले सगळे जाळून टाकायचे आणि चढावर पुन्हा डिझेल ओतायचे!

हिशेब करू. शंभर टन वजन शंभर मीटर खाली उतरले की सुमारे 27 युनिट वीज मिळू शकते. साध्या घराला चार-पाच दिवस पुरेल एवढी. यातला काही भाग रस्त्याच्या घर्षणात आणि यंत्रात जातो, तरी उरते ते थोडे नाही. आणि डंपरच्या दिवसात अशा किती तरी फेऱ्या होतात. ही उधळण थांबवण्यासाठी बॅटरी हवी, हे उघड आहे. अडचण तिच्या जागेची आहे.

जाळीच्या जागी, वर माचावर ठेवली तर भार उंच जातो आणि वळणावर गाडी डोलते. खाली बगलेला, टाकीच्या जागी ठेवली तर भार खाली राहतो, पण तिथे टायरने उडवलेले दगड आणि पावसाळ्याचा चिखल. हौद्याखाली ठेवली तर फावड्यातून दहा-वीस टनांचा दगड वरून पडताना बसणारा हादरा. शिवाय पुष्कळ डंपरमध्ये ओला माल चिकटू नये म्हणून इंजिनाचा गरम धूर हौद्याच्या पोकळीतून फिरवतात. बॅटरीला तर माणसासारखीच हवा मानवते, फार ऊन नको, फार थंडी नको. चंद्रपूरच्या मे महिन्यात तिला आधी स्वतःचे थंड पाणी लागणार. त्या पाण्याची टाकी, पंप, नळ्या यांनाही जागा हवी. जाड तारा लांब गेल्या की वीज वाया जाते, म्हणून बॅटरी मोटरीपासून फार दूर नको. दुरुस्तीला माणसाचा हात पोचला पाहिजे, चालकाची नजर अडता कामा नये. आणि सगळ्यांत कठोर नियम टायरचा. टायर झेपवेल तेवढेच एकूण वजन. बॅटरी पाच टनांची बसवली की माल पाच टनांनी कमी.

म्हणून सगळीकडे चालेल असा एकच नकाशा निघत नाही. खाण जशी, तशी गाडी. चंद्रपूर-वणी भागात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा खाली, रस्ता वर. तिथे डंपर रिकामा उतरतो आणि भरून चढतो. उतारावरची कमाई थोडी, चढाचा खर्च मोठा. अशा जागी इंजिन मोठेच लागते, बॅटरी नुसती मदतनीस. दक्षिण आफ्रिकेत पालाबोरा खाणीत 1980 च्या दशकात चढाच्या रस्त्यावर डोक्यावरून विजेच्या तारा टाकल्या आणि ट्रकना रेल्वेसारखी वीज दिली. ओझे गाडीवर न ठेवता रस्त्यावर ठेवण्याचा तो मार्ग. त्याच देशातल्या मोगलाक्वेना खाणीत 2022 साली अँग्लो अमेरिकन कंपनीने 290 टन माल वाहणारा ट्रक दाखवला. त्यात डिझेल इंजिन काढून हायड्रोजनचे विद्युतघट आणि बॅटरी यांची जोडी बसवली होती.

याच्या अगदी उलट आपला सह्याद्री. आपल्या जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूला बॉक्साइट सापडते ते डोंगराच्या माथ्यावर, सड्यावर. दुर्गमानवाडची खाण सर्वांना ठाऊक आहे. इथे गाडी रिकामी चढते आणि भरून उतरते. स्वित्झर्लंडमध्ये अशाच एका डोंगरावरच्या चुनखडीच्या खाणीत एका कोमात्सू डंपरचे इंजिन काढून बॅटरी बसवली. गाडी 45 टनांची, माल 65 टन. भरून उतरताना ती इतकी वीज साठवते की रिकामी वर जायला ती बहुतांशी पुरते. साडेचार टनांची बॅटरी तिथे ओझे ठरत नाही, कारण तिला उतार पोसतो. आपल्या घाटात असले राक्षसी डंपर येत नाहीत, साधे टिपर येतात. पण तत्त्व त्यांनाही लागू आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गाडी चांगली झाली म्हणजे खाण चांगली झाली असे नव्हे. राधानगरीचे अभयारण्य 2012 साली जागतिक वारशात गेले. सडा खरवडायचा की राखायचा हा प्रश्न गाडीच्या नकाशात सुटत नाही. डिझेलचा धूर कमी झाला तरी झऱ्याचे पाणी परत येत नाही. तो निर्णय माणसांनी स्वतंत्रपणे घ्यायचा आहे.

आणि दुसरी गोष्ट आपल्या पोटाची. कोल्हापूरची भट्टी मुख्यतः इंजिनावर पेटते. सिलिंडरचा ब्लॉक आणि हेड यांच्यावर कितीतरी घरांच्या चुली आहेत. साचा करणारा, वाळू कालवणारा, कोअर बसवणारा, घासकाम करणारा अशी ती साखळी आहे. हायब्रीडमध्ये इंजिन राहते, पण लहान होते. पूर्ण विजेच्या गाडीत ते उरतच नाही. मग नकाशावर इंजिन हलले की उद्यमनगरातला माणूसही हलतो. पण त्याच नकाशात नव्या जागाही दिसतात. मोटरीचे कवच, चाकाचा तुंबा, आखाची पेटी, दातेरी चक्रांचे घर, बॅटरी धरून ठेवणारे मजबूत कंस. यातले पुष्कळ ओतकामच आहे. फक्त धातू, माप आणि अचूकता बदलेल. त्यासाठी आजपासून पोरांना शिकवावे लागेल, कारण पॅटर्न बदलायला आठवडे पुरतात, कारागीर घडायला वर्षे लागतात.

युद्धात भाग मिळेनात तेव्हा आपल्या मेस्त्र्यांनी वाट पाहिली नाही, आणि त्यांच्याकडे पदव्याही नव्हत्या. आज आपल्याकडे महाविद्यालये आहेत, संगणकावर भार मोजणारी मुले आहेत आणि भट्टीपाशी चाळीस वर्षे काढलेली माणसेही आहेत. दोघे एका टेबलाशी बसत नाहीत एवढीच उणीव आहे. एकाला आकडे कळतात, दुसऱ्याला धातू. ही दोन शक्तींची जोडी जुळवण्याचे काम आधी झाले पाहिजे, गाडीची जोडी त्यानंतर आपोआप जुळेल.