उपग्रह साक्षीदार आहे, काझी नव्हे

‘जंगल’ हा शब्द शिकवताना मी वर्गात एक गंमत सांगतो. संस्कृतातला ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. पुढे त्याचाच अर्थ दाट अरण्य झाला. शब्दच असा निसटता असेल, तर देशात जंगल किती हे ठरवायचं कसं?

ऐंशीच्या दशकापर्यंत सरकारी उत्तर ठरलेलं होतं : देशाचा सुमारे 23 टक्के भूभाग. हा आकडा दप्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेल्या जमिनीचा होता. तिथं झाडं उभी आहेत का, हे त्यावरून कळत नव्हतं.

1972 मध्ये अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला आणि ही झाडाझडती शक्य झाली. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवतं. हा फरक टिपला की झाडी ओळखू येते. अशा चित्रांत जंगल हिरवं नव्हे, लालभडक दिसतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने 1972-75 आणि 1980-82 या काळातली चित्रं ताडून पाहिली. जंगल 16.9 टक्क्यांवरून 14.1 टक्क्यांवर आलं होतं! दप्तर आणि जमीन यांतलं अंतर उघडं पडलं. पुढे 1987 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने पहिल्या अहवालात सुमारे 19.5 टक्के हा आकडा दिला. गंमत अशी की, तिचाही आधार लँडसॅटच होता. म्हणजे चित्र आकाशातून येतं, पण ते वाचतो माणूसच. त्या काळी एक ठिपका सुमारे 80 मीटरचा. एकरभराचं शेत त्यात सहज विरघळून जाई.

आज ठिपके बारीक झाले, पण प्रश्न सुटलेला नाही. किमान एक हेक्टर जागा आणि 10 टक्के झाडोरा असला की ते ‘वनाच्छादन’. मग ती देवराई असो की आमराई.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क मिळतो. गुजरातमध्ये मात्र अनेक दावे उपग्रहचित्रांवर बोट ठेवून फेटाळले गेले. वास्तविक नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे. 2012च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं की, उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, पर्याय नाही. 2013 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही हेच बजावलं.

ज्या चित्रांनी एकेकाळी सरकारी दप्तराचा खोटेपणा दाखवला, तीच चित्रं पुढे गरिबाचा दावा नाकारायला वापरली गेली. दोष यंत्राचा नाही. उपग्रहाची साक्ष जरूर घ्यावी. पण निवाडा करण्यापूर्वी त्या शिवारातल्या म्हाताऱ्यालाही विचारावं.