हिवताप आणि बाळंतीण



हिवतापाचा इतिहास शाळेत रोनाल्ड रॉसपासून सुरू होतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादच्या छावणीत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. आपला धाराशिव जिल्हाही तेव्हा निजामाच्याच मुलखात. पण या इतिहासात गरोदर बाई कुठे भेटत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत, असा अंदाज होता. त्यांत पोटुशी बाया किती, ते त्या आकड्यावरून कळत नाही. आमच्या आजीच्या बोलण्यात मात्र त्या असत. 'सातव्यात तापली अन् लेकरू गेलं' एवढंच ती म्हणे. गावाच्या लेखी ती नजर किंवा नशीब.

खरे कारण शरीरात आहे. फाल्सिपेरम जातीचे जंतू शिरलेल्या रक्तपेशी वारेत चिकटून बसतात. त्या नेमक्या कशाला चिकटतात, हे १९९६ साली केनियातील अभ्यासातून उमगले. वार बिघडली की बाळाला पोषण कमी पडते, ते कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते. आईचे रक्तही कमी होते.

मात्र सगळ्या मुलखांत परिणाम सारखा नसतो. आफ्रिकेत जिथे वर्षभर हिवताप असतो, तिथे मोठ्या वयापर्यंत अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते. आईला ताप जाणवतही नाही, पण वारेत जंतू असतात. पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त, पुढच्या खेपेला कमी. जिथे हिवताप अधूनमधून येतो, तिथे ही शक्ती कुणाजवळच नसते. मग पहिली खेप असो की चौथी, ताप जोरात चढतो, गर्भ पडतो, आईच्याही जिवावर बेतते. म्हणजे गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप जास्त म्हणून आपल्या कोरडवाहू भागातील बाईने निर्धास्त राहावे, असे नाही. हा फरक जातीचा नाही, आयुष्यात हिवताप किती वेळा झाला त्याचा आहे.

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, १९५८ पासून निर्मूलनाचा. पंप घेऊन डीडीटी मारणारी माणसे माझ्या लहानपणी गावात येत. बाया देवघर आणि स्वयंपाकघर मारू देत नसत. १९६५ च्या सुमारास देशात रुग्ण लाखभरावर आले, आणि १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर गेले! औषधाला न दबणारे डास व जंतू तयार झाले होते, कामातही ढिलाई आली होती.

आजही एक अडचण आहेच. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून राहतो. त्याला मुळापासून काढणारे प्रायमाक्विन गरोदरपणी देता येत नाही, म्हणून बाळंतपणापर्यंत ताप उलटू शकतो.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी लेकी-सुना दिवस गेलेले असतानाही ऊसतोडीला जातात, कोपीत राहतात. तिथे ताप आला तर 'उन्हाचा असेल' म्हणून गोळी घेऊन पुन्हा फडात जाऊ नये. बोटाच्या एका थेंबाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. घरातल्या मुलींना आणि त्यांच्या सासूबाईंनाही हे जरूर सांगा. थोरल्या बायांच्या अशा आठवणी तुमच्याकडे असतील तर लिहून कळवा. त्या दुसरीकडे कुठे नोंदलेल्या नाहीत.