खेचराच्या जागी मोटार : ग्रात्सच्या डोंगरी लष्करी वाहनांची घडण

दुसऱ्या महायुद्धाने सैन्यातील जनावरांचे युग संपवले आणि त्यांची जागा मोटारीने घेतली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु हे विधान मैदानी मुलखापुरतेच खरे आहे. आल्प्स पर्वतात, आणि त्याहूनही अधिक हिमालयात, रसद व दारूगोळा वाहण्यासाठी खेचरांचा उपयोग युद्धानंतरही चालूच राहिला, कारण अरुंद पाऊलवाट, सैल खडी आणि तीव्र चढ यांपुढे त्या काळातील कोणतीही मोटार फार वेळ टिकत नसे. डोंगरी जनावराचे काम करू शकेल अशी मोटार बांधण्याचा जो प्रयत्न ऑस्ट्रियातील ग्रात्स या शहरात १९५०च्या दशकात झाला, त्यातून ‘हाफ्लिंगर’ आणि पुढे ‘पिंट्सगाउअर’ ही दोन वाहने निर्माण झाली. हलक्या लष्करी वाहनांच्या इतिहासात अमेरिकी जीपला मिळालेली प्रसिद्धी या दोन वाहनांना कधी मिळाली नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र ती जीपपेक्षा अधिक विचारपूर्वक घडवलेली होती, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

या प्रयत्नामागची राजकीय परिस्थिती थोडक्यात सांगता येते. युद्धानंतर ऑस्ट्रिया दहा वर्षे चार दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. मे १९५५ मध्ये झालेल्या करारान्वये त्याला पूर्ण सार्वभौमत्व परत मिळाले आणि त्याच वर्षीच्या २६ ऑक्टोबरला त्याच्या संसदेने कायमस्वरूपी तटस्थतेचा कायदा केला. नव्याने उभ्या राहिलेल्या सैन्याकडे प्रारंभी परकीय फौजांकडून मिळालेली सामग्रीच प्रामुख्याने होती, आणि तीत जीपगाड्याही होत्या. ज्या देशाचा बहुतांश भाग पर्वतमय आहे आणि ज्याला कोणत्याही लष्करी गटात सामील न होता स्वतःच्या खिंडी स्वतःच राखायच्या आहेत, त्याला आपल्या भूमीला साजेसे वाहन हवे असणे स्वाभाविक होते. अशी कल्पना त्या देशाला नवीन नव्हती; ऑस्ट्रो-डाइमलर या कंपनीने १९३०च्या दशकातच डोंगरी तुकड्यांसाठी ‘मूलुस’ नावाचे, चाके आणि पट्टे अशा दोन्ही साधनांवर आळीपाळीने चालू शकणारे एक छोटे वाहन तयार केले होते. ते चमत्कारिकच म्हणावे लागेल, पण त्याच्या नावातूनच, म्हणजे खेचराच्या लॅटिन नावातून, त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा होती ते स्पष्ट होते.

ग्रात्समधील कारखान्याची परंपरा सायकलीपासून सुरू होते. योहान पुख या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सायकली आणि नंतर मोटारसायकली बनवण्यास आरंभ केला. पुढे त्याच्या कंपनीचे ऑस्ट्रो-डाइमलरशी आणि १९३४ मध्ये स्टायर या शस्त्र व मोटार बनवणाऱ्या मोठ्या उद्योगाशी विलीनीकरण होऊन ‘स्टायर-डाइमलर-पुख’ हा समूह अस्तित्वात आला. १९५७ पासून हा कारखाना इटालियन फियाट ५०० या छोट्या मोटारीचा सांगाडा आणून त्यात स्वतःचे दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन बसवत असे. हे इंजिन ‘आडवे’ होते, म्हणजे त्याचे दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या समोर, जमिनीला समांतर बसवलेले होते. त्यामुळे ते कमी उंचीचे व आटोपशीर बनले आणि पाण्याच्या रेडिएटरची गरज नसल्याने थंडीत पाणी गोठण्याची भीतीही राहिली नाही. हाफ्लिंगरच्या पाठीमागे बसवलेले इंजिन याच जातीचे होते.

तथापि या वाहनाचे खरे वैशिष्ट्य इंजिनात नसून सांगाड्यात होते, आणि त्या सांगाड्याचा इतिहास ग्रात्सपासून दूर, मोरेव्हियातील नेसल्सडॉर्फ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील कोप्रझिव्हनित्से, या गावी नेतो. हान्स लेडविंका या ऑस्ट्रियन अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात स्टायर कंपनीत काम करत असताना एका छोट्या, स्वस्त मोटारीची कल्पना मांडली होती. स्टायरला तीत रस वाटला नाही, आणि १९२१ मध्ये लेडविंका ती कल्पना घेऊन नेसल्सडॉर्फच्या कारखान्यात परतला, जो पुढे टाट्रा या नावाने प्रसिद्ध झाला. १९२३ साली बाहेर पडलेल्या ‘टाट्रा ११’ या मोटारीत त्याने रूढ चौकट पूर्णपणे टाकून दिली होती.

रूढ चौकट म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजेच शिडीच्या आकाराची रचना होय. समतल रस्त्यावर ती उत्तम काम देते. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर अशी स्थिती आली, की ती पिळवटते, आणि तो पीळ थोपवण्यासाठी तुळया जाड, म्हणजे जड, कराव्या लागतात. लेडविंकाने तिच्या जागी गाडीच्या मधोमध एकच पोलादी नळी घातली, जिच्या दोन टोकांना पुढच्या व मागच्या चाकांची यंत्रणा घट्ट जोडलेली होती. बंद नळीला पीळ सहजासहजी पडत नाही, हे साधे भौतिक सत्य या रचनेच्या मुळाशी होते. शक्ती वाहून नेणारा फिरता दांडाही याच नळीच्या आतून जात असल्याने दगड, चिखल व पाणी यांपासून त्याचे आपोआप संरक्षण होई. मागची चाके मात्र अखंड आसावर नसून दोन स्वतंत्र अर्ध्या आसांवर असत, आणि प्रत्येक अर्धा आस नळीपाशी असलेल्या सांध्याभोवती वर-खाली डोलू शके. त्यामुळे एका चाकाने घेतलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचत नसे आणि दोन्ही चाके शक्यतो जमिनीला टेकून राहत.

हान्स लेडविंकाला युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात अटक झाली आणि १९५१ पर्यंत तो तुरुंगात होता. टाट्राशी त्याचा संबंध कायमचा संपला. त्याचा मुलगा एरिख हाही टाट्रात काम केलेला अभियंता होता, आणि ग्रात्सच्या कारखान्यात हाफ्लिंगरची आखणी झाली ती याच एरिख लेडविंकाच्या मार्गदर्शनाखाली. वडिलांची जी कल्पना स्टायरने नाकारली होती, ती अशा रीतीने मुलाच्या हातून, तीन दशकांहून अधिक काळानंतर, त्याच उद्योगसमूहाच्या छताखाली परत आली. औद्योगिक इतिहासात नाकारलेल्या कल्पनांना असा दुसरा जन्म क्वचितच लाभतो.

हाफ्लिंगरचे उत्पादन १९५९ मध्ये सुरू झाले. दक्षिण टिरोलमधील हाफ्लिंग गावाच्या परिसरात जोपासलेल्या, बदामी रंगाच्या काटक डोंगरी घोड्याचे नाव त्याला देण्यात आले. ऑस्ट्रियन सैन्यात त्या घोड्यांचा ओझी वाहण्यासाठी उपयोग होत असे. वाहन दिसायला इतके साधे होते, की त्याला मोटार म्हणण्यापेक्षा चाकांवरचा पाट म्हणावे: सपाट फळीसारखे पृष्ठ, पुढच्या टोकाशी चालकाचे पाय ठेवण्यापुरती खोलगट जागा, मिटवता येणारी बैठक आणि वर हवे तर कापडी छत. लांबी तीन मीटरपेक्षा कमी, रुंदी दीड मीटरच्या आत आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो असूनही ते जवळपास पाचशे किलो ओझे वाहू शके. एक टनाहून थोडी अधिक भरणारी महायुद्धकालीन जीप अधिकृत मोजमापाप्रमाणे पाव टन भाराची गाडी गणली जाई, हे लक्षात घेतले म्हणजे सांगाड्याच्या नव्या रचनेने काय साधले त्याची कल्पना येते. इंजिनाची शक्ती प्रारंभी पंचवीस अश्वशक्तीच्याही आत होती. परंतु डोंगर चढताना वेगापेक्षा ओढ महत्त्वाची असते आणि ती गिअरांच्या योजनेतून मिळवता येते.

ही योजना थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. हाफ्लिंगरमध्ये प्रत्येक अर्धा आस थेट चाकाच्या मध्यभागी न जाता त्याच्या वरच्या बाजूस संपे, आणि तेथून दंतचक्रांच्या एका जोडीने गती चाकाकडे खाली नेली जाई. या व्यवस्थेचे दोन फायदे होते. आस वर उचलला गेल्यामुळे गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा वाढे, म्हणजे छोटी चाके असूनही ती दगडांवर अडकत नसे. आणि अखेरची गती कमी करण्याचे काम अगदी चाकापाशी होत असल्याने त्याआधीच्या सर्व दांड्यांवर व दंतचक्रांवर ताण कमी पडे, त्यामुळे ते भाग हलके ठेवता येत. याखेरीज पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरन्शिअलना कुलूप होते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी दंतचक्रांची रचना असते तिला डिफरन्शिअल म्हणतात. रस्त्यावर आवश्यक असलेली हीच रचना चिखलात घात करते, कारण एक चाक घसरू लागले की शक्ती त्याच चाकाकडे वाया जाते. कुलूप लावल्यावर दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ज्याची पकड आहे ते चाक गाडी ओढून काढते. हाफ्लिंगरमध्ये पुढची चाके जोडणे वा ही कुलुपे लावणे चालत्या गाडीतच शक्य होते, आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे किती कठीण असते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

डोलणाऱ्या आसांचा एक दोष सर्वश्रुत आहे: चाक वर-खाली होताना त्याचा जमिनीशी असलेला कोनही बदलतो, आणि वेगात वळण घेताना बाहेरचे चाक आतल्या बाजूस मुडपून गाडी कलंडण्याचा संभव निर्माण होतो. वेगवान मोटारींमध्ये या दोषाने बरेच अपघात घडवले. मात्र ज्या वाहनाचा कमाल वेगच ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या आसपास होता, त्याच्या बाबतीत तो दुय्यम ठरला. रचनेचा गुण-दोष तिच्या उपयोगावर अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. १९७४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत साडेसोळा हजारांहून अधिक हाफ्लिंगर बनले, आणि ऑस्ट्रियाखेरीज स्वित्झर्लंड, स्वीडन व ऑस्ट्रेलिया या देशांच्या सैन्यांतही ते दाखल झाले; त्याशिवाय आल्प्समधील गवळी, वनरक्षक आणि डाकसेवा यांनीही ते वापरले.

१९६०च्या दशकात सैन्यांच्या गरजा वाढल्या. केवळ ओझे नव्हे, तर आठ-दहा शिपायांची संपूर्ण तुकडी, बिनतारी संदेशयंत्रे किंवा जखमींच्या डोल्या घेऊन महामार्गावर इतर वाहनांच्या वेगाने धावू शकेल आणि नंतर त्याच दमात डोंगरवाटेला लागेल, असे वाहन हवे होते. या गरजेतून, त्याच नळीच्या सांगाड्यावर, पिंट्सगाउअर तयार झाले. १९७१ पासून त्याचे उत्पादन होऊ लागले. चार चाकांच्या प्रकाराची क्षमता एक टन आणि सहा चाकांच्या प्रकाराची दीड टन होती. अडीच लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन हवेनेच थंड होई, आणि त्याचे तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवलेले असे, जेणेकरून गाडी तीव्र चढावर किंवा बाजूला कितीही कललेली असली तरी तेलपुरवठा खंडित होऊ नये. इंजिन चालकाच्या पुढे न ठेवता दोन पुढच्या आसनांच्या मध्ये बसवल्यामुळे चालक थेट पुढच्या चाकांवर बसे. गाडीची लांबी त्यामुळे वाचली आणि समोरची वाट नीट दिसू लागली. स्वित्झर्लंडच्या सैन्याने हे वाहन मोठ्या संख्येने घेतले. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यात फोक्सवॅगनचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आले आणि हवेने थंड होण्याची परंपरा खंडित झाली.

याच काळात त्याच कारखान्यात, मर्सिडीज कंपनीच्या भागीदारीत, १९७९ पासून ‘जी’ या नावाची दुसरी लष्करी-नागरी गाडी बनू लागली. तिच्यात शिडीची रूढ चौकट आणि अखंड आस यांचाच अवलंब केलेला होता. नळीचा सांगाडा श्रेष्ठ होता, पण बनवण्यास महाग आणि दुरुस्तीस अवघड होता, आणि बाजारपेठेने अखेर स्वस्त रचनेलाच कौल दिला.

लेडविंकाच्या नळीची दुसरी शाखा टाट्रामध्येच जड मालमोटारींच्या रूपाने वाढत राहिली, आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी उद्योगाने १९८६ मध्ये टाट्राशी करार केला, आणि तेव्हापासून भारतीय भूसेनेच्या जड वाहनांमध्ये टाट्रांचा मोठा वाटा राहिला. पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने विकसित केलेली ‘पिनाक’ ही बहुनळी अग्निबाणप्रणाली आठ चाकांच्या टाट्रावरच बसवलेली आहे. एका छोट्या कौटुंबिक मोटारीसाठी योजलेली नळी बारा अग्निबाणांचा भार पेलेल, हे तिच्या कर्त्याच्या कल्पनेतही नसावे.

ग्रात्समध्ये पिंट्सगाउअरचे उत्पादन २००० साली बंद होऊन इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे हलवण्यात आले, कारण ब्रिटिश सैन्य १९९०च्या दशकापासून हलक्या तोफा ओढण्यासाठी ते वापरत होते. अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात वाढत्या हल्ल्यांमुळे सहा चाकांच्या प्रकारावर चिलखत चढवून ‘व्हेक्टर’ नावाची आवृत्ती तयार झाली आणि २००७ मध्ये ती तेथे धाडण्यात आली. चिलखताच्या वजनाने चाकांच्या तुंब्यांवर व स्प्रिंगांवर मूळ आखणीत न धरलेला ताण आला. त्याहून गंभीर बाब अशी, की रस्त्यात पेरलेला सुरुंग पुढच्या चाकाखाली फुटला तर त्याचा आघात नेमका त्याच्या वर बसलेल्या चालकावर होई. डोंगरवाटेवर लांबी वाचवणारी आसनरचना येथे घातक ठरली. ब्रिटनमध्ये व्हेक्टरवर बरीच टीका झाली, आणि काही वर्षांतच ती आघाडीवरून मागे घेऊन तिच्या जागी तळाशी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, स्फोटाचा जोर बाजूंना वळवणारे चिलखत असलेली, आकाराने व वजनाने कितीतरी मोठी वाहने वापरण्यात आली.