मोटारीच्या अंगातला गोफ

जुन्या मॉरिस मायनरच्या डॅशबोर्डमागून वायरिंग सोडवून बाहेर ओढलं, की हातात एखादा वाळलेला वेल आल्यासारखं वाटतं. वरचं सुती वेष्टन तेल-धुळीने काळं पडलेलं असतं. जरा वाकवलं की आतलं रबर शिळ्या पापडासारखं मोडतं आणि तांबं उघडं पडतं. रंग कुठेच उरलेला दिसत नाही. पण पत्र्याच्या क्लिपेने जिथे त्याला वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं असतं, तिथलं वेष्टन हलक्या हाताने चिरून पाहावं. बोटभर जागेत सगळे रंग जसेच्या तसे भेटतात: तपकिरी, जांभळा, हिरव्यावर पांढरा धागा, निळ्यावर लाल धागा. असा तुकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, हे तर विणलेलं कापड आहे. ते खरंच होतं. मोटारीच्या या भागाचं अर्धं कूळ कापडाचं आहे.

नावांतही ते दिसतं. अमेरिकेने वायरींच्या या जुडग्याला हार्नेस म्हटलं. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ लढवय्याची सामग्री असा होता, पुढे तो घोड्याच्या साजावर स्थिरावला. ब्रिटनने त्याला लूम म्हटलं, म्हणजे माग. जुन्या इंग्रजीत लूम म्हणजे साधं अवजार. वारसाहक्काने आलेल्या वस्तूला इंग्रज 'एअरलूम' म्हणतात त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. सोलापूरच्या विणकराला दोन्ही शब्द परके वाटणार नाहीत, कारण जेकार्डच्या मागावर वरून उतरणाऱ्या दोऱ्यांच्या संचालाही हार्नेसच म्हणतात. आपल्या गॅरेजमध्ये मात्र या सगळ्याला एकच शब्द पुरतो: वायरिंग.

गाडी पुन्हा उभी करताना नवा हार्नेस कोणता घ्यायचा, हा प्रश्न आला की बोलणं बहुधा किमतीपासून सुरू होतं. मला वाटतं ते कुळापासून सुरू व्हावं. या जुडग्यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या धंद्यातून मोटारीत आली आहे आणि ती आपलं एक कारण घेऊन आली आहे. ती कारणं कळली की काय जपायचं आणि काय निःशंक बदलायचं हे आपोआप उलगडतं.

सुरुवातीच्या मोटारीत वायरिंग म्हणण्यासारखं काही नव्हतंच. पुढचे दिवे कार्बाइडचे. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो काडीने पेटवायचा. इंजिन हँडल मारून फिरवायचं. ठिणगीसाठी मॅग्नेटो असे. १९०२मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग तयार केला, त्यानंतर ठिणगीची चिंता बरीच मिटली. पण मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यामुळे गाडीभर वायरी फिरवण्याचंही कारण नव्हतं.

ते कारण अमेरिकेतल्या डेटन गावी जन्मलं. चार्ल्स केटरिंग आधी कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचं यंत्र हाताने फिरवावं लागू नये म्हणून त्याने त्याला विजेची छोटी मोटर बसवली होती. ती क्षणभरच, पण जोरात फिरायची. दिवसभर चालायची तिला गरज नव्हती. हाच विचार त्याने इंजिनाला लावला आणि १९१२च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आला. सोबत डायनमो, बॅटरी, विजेचे दिवे आणि इग्निशन असा सगळा संसार आला. त्या दिवसापासून मोटारीत प्रत्येक कोपऱ्याला वीज पोचवणं भाग पडलं, आणि वायरींना एकत्र बांधणंही.

वायरी निम्म्या तरी वाचाव्यात म्हणून परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडातूनच काढला गेला. त्याला आपण अर्थ म्हणतो. पण रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी काय संबंध? हा शब्द तारायंत्राकडून आला आहे. १८३८मध्ये म्युनिकमध्ये श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की तारेच्या परतीसाठी दुसरी तार नको, जमीनच पुरते. पुढच्याच वर्षी कोलकात्याजवळ ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरने तारायंत्राचे प्रयोग करताना हुगळीच्या पाण्यातूनच वीज परत आणली. मोटारीत जमिनीची जागा बॉडीने घेतली, नाव तेच राहिलं. मला हा तपशील फार जवळचा वाटतो, कारण जुन्या गाडीचे निम्मे रोग इथेच असतात. नवाकोरा हार्नेस घातला आणि बॉडीला जोडायची जागा गंजलेली किंवा ताज्या रंगाखाली झाकलेली ठेवली, तर दिवे मिणमिणतातच. रंगकाम सुंदर झालेल्या गाडीत हे हमखास होतं. ज्या बोल्टवर अर्थ यायचा तिथला रंग खरवडायला मन धजत नाही. तरी तो खरवडावा.

आता आवरणाची गोष्ट. समुद्राखालच्या तारांना गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण असे. १८७०मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईला आलेल्या तारेची पिढी ती. मोटारीच्या वायरीला मात्र गंधक घालून पक्कं केलेलं रबर मिळालं, ज्याचं पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४मध्ये घेतलं होतं. पण त्या रबरातलं गंधक तांब्याला खातं. म्हणून तांब्याच्या तारेवर कथलाचा थर चढवू लागले. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती याच धातूची, आणि कारणही त्याच जातीचं: तांब्याला आतल्या आंबटापासून वाचवायचं. जुन्या मायनरची वायर सोलली आणि आतून चंदेरी तार निघाली, तर समजावं की कल्हई आहे.

रबराला आणखी दोन शत्रू, उष्णता आणि तेल. शिवाय ते घासून झिजतं. म्हणून त्यावर सुताची वीण आणि त्यावर लाखेसारखा लेप. पुढे १९२६मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतला वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा पदार्थ शोधत असताना त्याच्या हाती मऊ पीव्हीसी आलं. ते ना गंधकाचं, ना सहज कुजणारं, आणि हवा तो रंग त्यातच मिसळता येतो. पन्नाशी-साठीच्या दशकांत त्याने मोटारीतलं रबर आणि सूत दोन्ही हटवलं. कल्हईचंही मग कारण उरलं नाही.

सुताची ती वीण ज्या यंत्रावर होते ते मला या सगळ्या कुळातलं सर्वांत लोभस माणूस वाटतं. त्याला यंत्र म्हणायला जीभ वळत नाही. मध्यभागातून वायर हळूहळू वर सरकते. तिच्याभोवती धाग्याच्या कांड्या नागमोडी खाचांतून फिरतात. अर्ध्या एका दिशेने, अर्ध्या उलट्या, एकमेकींच्या आतून-बाहेरून. ज्याने शिगम्यात गोव्याचा गोफ पाहिला आहे त्याला आणखी समजावून सांगायला नको. वर एका जागी बांधलेल्या रंगीत दोऱ्या, प्रत्येकाच्या हातात एक टोक, आणि नाचता नाचता वर विणला जाणारा गोफ. इंग्रज त्या यंत्राला त्यांच्याकडच्या मेपोल नाचाचं नाव देतात. तोही असाच, खांबाभोवती फिती विणण्याचा. फरक एवढाच की गोव्याचे नाचणारे पावलं उलटी टाकून गोफ पुन्हा सोडवतात, आणि वायरीवरचा गोफ सुटत नाही. मराठीत हार्नेसला शब्द हवा असेल तर मी गोफच म्हणेन.

या वीणकामातूनच ब्रिटिश रंगांची भाषा आली. वायरीच्या वीणीत मुख्य रंगाचं सूत आणि त्यात वेगळ्या रंगाचा एखादा धागा, ज्याला ट्रेसर म्हणतात. मोटारींचं विजेचं सामान बनवणाऱ्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची वायर, मध्ये फ्यूज नाही. पांढरी इग्निशनची. हिरवी इग्निशननंतरची, फ्यूजमधून आलेली. निळी हेडलाइटची, तिच्यावर पांढरा धागा असला तर लांबचा झोत, लाल असला तर डिपर. लाल बाजूच्या आणि मागच्या लहान दिव्यांची. काळी अर्थची. पीव्हीसीवरची रंगीत रेघ हा त्या धाग्याचाच वारस. जर्मनांनी रंगाऐवजी जोडणीच्या टोकांना आकडे दिले: ३० म्हणजे बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० स्टार्टर. दोन्ही रीती आपापल्या परीने नेटक्या आहेत. गोंधळ होतो तो एका घराण्याच्या गाडीत दुसऱ्या घराण्याचा हार्नेस घातल्यावर.

आणि हा घोळ बाजारातल्या सर्व गाड्यांसाठीच्या किटमुळे होतो. त्यात रंग वेगळे, फ्यूज भरपूर, वायरी लांबच लांब, कापून बसवायच्या. नव्याने घडवलेल्या गाडीला ते ठीक. पण मायनरसारख्या गाडीला, जिचं प्रत्येक सर्किट छापील आकृतीत आहे, असं किट घालणं म्हणजे पुढच्या मेकॅनिकच्या हातून नकाशा काढून घेणं. माझं मत स्पष्ट आहे: त्या गाडीच्या त्या वर्षाचा, मुळाबरहुकूम केलेला हार्नेस घ्यावा, आत पीव्हीसीची वायर, बाहेर सुती गोफ. रबराचं कारण संपलं आहे, गोफाचं संपलेलं नाही. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने मात्र कल्हईची तार मिळाली तर अवश्य मागावी. गंधक गेलं तरी खारी हवा आहेच.

त्या वर्षाचा, यावर जोर देतो. मायनर १९४८मध्ये अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचे हेडलाइट जाळीच्या आत, खाली होते. १९५१च्या सुमारास ते मडगार्डवर चढले, म्हणजे तिथवर जाणारी वायरही बदलली. १९६१पर्यंत वळण्याची खूण दरवाजाच्या खांबातून बाहेर येणारा छोटा हात दाखवायचा. त्यानंतर लुकलुकणारे दिवे आले. त्या छोट्या हाताच्या काळातल्या हार्नेसमध्ये चार कोपऱ्यांच्या त्या दिव्यांना वायरच नसते. आजच्या रस्त्यावर ते दिवे हवेतच, म्हणून मागणी नोंदवतानाच हिरव्यावर लाल आणि हिरव्यावर पांढरी अशा जास्तीच्या वायरी आत गुंफून घ्याव्यात. नंतर बाहेरून टेपने बांधलेल्या वायरी गोफाची शोभा घालवतात. आपल्याकडे हीच गाडी बेबी हिंदुस्थान नावानेही फिरली. तिच्यात पन्नास-साठ वर्षांत किती हातांनी काय बदललं हे आधी डोळ्यांनी पाहावं. जुना हार्नेस लगेच फेकू नये. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, जमिनीवर पसरून, नव्याशेजारी ठेवून फांदीला फांदी जुळवावी.

जाडी हा दुसरा मुद्दा. जुन्या इंग्रजी वायरीवर चौदा, अठ्ठावीस, चव्वेचाळीस असे आकडे असत: ०.०१२ इंच जाडीच्या इतक्या तारा. आजची ०.३० मिलिमीटरची मोजणी त्याच्या अगदी जवळ येते. आजच्या पीव्हीसीत चौदा तारांची वायर पावणेनऊ ॲम्पिअर, अठ्ठावीसची साडेसतरा, चव्वेचाळीसची साडेसत्तावीस सहन करते. मायनरचा जुना लुकास डायनमो बावीसच्या पुढे जात नसे. तो काढून अल्टरनेटर बसवायचा असेल तर मुख्य तपकिरी वायर वाढीव जाडीची लागेल. तिला फ्यूज नाही हे विसरून चालणार नाही. आणि गाडी विलीज जीपसारखी सहा व्होल्टची असेल, तर ४५ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर पावणेचार ॲम्पिअर लागतात तिथे साडेसात लागतात. बारा व्होल्टसाठीची बारीक वायर तिथे दिव्याचा अर्धा जीव वाटेतच खाते. पॉझिटिव्ह अर्थ की निगेटिव्ह, याची हार्नेसला स्वतःला पर्वा नसते. तांब्याला दिशा नसते. अल्टरनेटरला आणि रेडिओला मात्र असते.

हार्नेस बांधण्याचं हे सगळं काम आजही हाताने होतं. फळीवर पूर्ण मापाचं रेखाटन, त्यावर खुंट्या, आणि खुंट्यांमधून वायरी पसरणारी माणसं. नव्या गाड्यांचं वायरिंगही असंच बांधतात. मार्च २०२२मध्ये युक्रेनमधल्या हार्नेसच्या कारखान्यांचं काम युद्धाने अडलं तेव्हा जर्मनीत फोक्सवागेनचे कारखाने थांबले होते.

गोफ बसला, वायरींच्या टोकांचे गोळीसारखे जोड, म्हणजे बुलेट, सगळे सॉकेटमध्ये गेले, अर्थचे बोल्ट घट्ट झाले. तरी बॅटरी एकदम जोडायची नाही. बॅटरीचं एक टोक आणि त्यावर यायची केबल यांच्यामध्ये २१ वॅटचा एक दिवा लावायचा आणि गाडीतली सगळी बटणं बंद ठेवायची. दिवा लखलखला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. पण वीज दिव्यातून जात असल्याने काही जळत नाही, शांतपणे शोधता येतं. दिवा काळाच राहिला, की बाजूच्या दिव्यांचं बटण ओढायचं. हातातला दिवा मंद पेटतो आणि त्याच क्षणी पुढच्या मडगार्डवरचे दोन छोटे दिवेही, तांबूस, अर्ध्या उजेडाचे. मग केबल सरळ बॅटरीवर.