कुमारिकेची प्रार्थना

पोलिश संगीतरचनाकार टेक्ला बोंदाझेफ्स्का हिची पियानोसाठीची लघुरचना. वॉर्सा येथे १८५६ मध्ये प्रसिद्ध. पुढे पॅरिसच्या एका संगीत-नियतकालिकाने पुरवणीत छापल्यावर ती युरोपभर पसरली. बोंदाझेफ्स्काचे निधन १८६१ मध्ये वॉर्सा येथे झाले.

ई-फ्लॅट मेजर स्वरश्रेणीतील एक सोपी चाल व तिचे फेरबदल, एवढीच या रचनेची बांधणी (पहा : पियानो). उजवा हात एकच स्वर एकाच वेळी दोन सप्तकांत वाजवीत वर चढतो, डावा स्वरमेळाची साथ धरतो. त्यामुळे रचना प्रत्यक्षापेक्षा अवघड भासते. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत व पियानो शिकणाऱ्या मुलींत ती रुजण्याचे हे मुख्य कारण. समीक्षकांनी तिला उथळ ठरवले, मात्र घरगुती वादनाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. चेकॉव्हच्या ‘तीन बहिणी’ (१९०१) या नाटकात ती वाजते (पहा : चेकॉव्ह, अंतॉन). कुर्ट व्हाइलने ‘महागनी’ (१९३०) या ऑपेरात तिचा उपयोग केला.

तैवानमध्ये अनेक कचरागाड्यांवर हीच धून लावतात. ती कानी पडताच रहिवासी पिशव्या घेऊन रस्त्यावर येतात.