लाखाचा शब्द

यंदा मंडपाचे सामान आमच्यातल्या एकाच्या जुन्या नॅनोतून सिल्वासाभर फिरले आणि वाद निघाला : रतन टाटा 'प्रॉमिस इज अ प्रॉमिस' म्हणाले ते कुठे? कुणी साणंद म्हणाले, कुणी सिंगूर. आम्ही शोध घेतला. ते वाक्य १० जानेवारी २००८ चे. दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात नॅनो प्रथम लोकांपुढे आली तेव्हाचे.

पण शब्द दिला कधी होता? मूळ सापडले जिनिव्हात. तिथल्या मोटार प्रदर्शनात 'फायनान्शियल टाइम्स'ने किंमत विचारली. टाटा अंदाजाने म्हणाले, सुमारे एक लाख. दुसऱ्या दिवशी तोच मथळा! खुलासा करावा असे आधी त्यांच्या मनात आले. मग वाटले, आकडा आपणच बोललो, तर तेच उद्दिष्ट ठेवू. ही हकिकत पुढे त्यांनीच मुलाखतीत सांगितली.

२००९ मध्ये सर्वांत साधी नॅनो, कर आणि वाहतूक वगळून, लाखालाच आली. दहाएक वर्षांत तिचे उत्पादन थांबले. शब्द मात्र पाळला गेला होता.

वर्गणीच्या वहीपुढे आपणही भरात आकडा बोलून जातो. तो पाळणारी घरे इथे आहेत, म्हणूनच आपला गणपती दरवर्षी बसतो.